तापातली गाडी

आप्पासाहेबांना ताप यायचा तो दिवेलागणीला. दिवसभर माणूस तसा बरा असायचा. अंगणात खाटेवर बसून ऊन खायचा, शेळ्यांना पाला टाकायचा, कुणी आलं-गेलं तर मान हलवायचा. उन्हं कलली की आधी पाठ धरायची, मग हातापायांना कापरं सुटायचं. ज्वारीच्या रानावरचा गार वारा पाचोडच्या त्या शेवटच्या आळीत शिरेपर्यंत त्यांचे डोळे लाल होऊन कुठंतरी लांब लागलेले असायचे. मग ते उजवा हात पुढं करून हवेतलं काहीतरी धरायचे, डाव्या हातानं गिअर टाकायचे, आणि खाट चालू लागायची.

आवडाबाई पहिल्या दिवशी घाबरून गेली. गावातल्या डॉक्टरांनी टायफॉईडच्या गोळ्या दिल्या, सलाइन लावलं. ताप चार दिवस दबला आणि पुन्हा आला. शेवटी तिनं लेकीला फोन लावला.

"अपू, तुझे आप्पा संध्याकाळ झाली की येस्टी चालवायलेत. तू ये बाई."

अपेक्षा शहरातल्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होती. पेशंटच्या रक्तात कुठले जंतू शिरलेत ते शोधायचं, हे तिचं काम. तिथंच छावणी भागात दोन खोल्या घेऊन राहायची. फोन आला त्या दिवशी ती आठवड्याचे कपडे पिशवीत भरून गावी आली, आणि तिथूनच रोज बसनं ये-जा करायला लागली.

आप्पासाहेबांची उभी हयात पैठण डेपोत एसटी चालवण्यात गेली होती. माणूस अबोल. शिव्या नाहीत, मार नाही, पण कौतुकही नाही. अपेक्षा दहावीला तालुक्यात पहिली आली तेव्हा त्यांनी पेढ्यांचा पुडा चुलीजवळ ठेवला आणि ड्युटीवर निघून गेले. तिचं लग्न मोडलं, ती परत आली, तेव्हाही "जेवलीस का?" एवढंच विचारलं. बापलेकीत वैर नव्हतं. बोलण्यासारखं काही नव्हतं, असंच तिला इतकी वर्षं वाटत आलेलं.

त्या पहिल्या संध्याकाळी ती ओलं फडकं घेऊन खाटेच्या कडेला बसली. आप्पांनी तिच्याकडं वळून पाहिलं. नजरेत ओळख नव्हती, पण आदर होता, परक्या बाईमाणसाला द्यावा तसा.

"ताई, दार ओढून घ्या. गाडी सुटली."

अपेक्षानं आईकडं पाहिलं. आईनं मान हलवली, म्हणजे असंच असतं, ऐक.

"कुठं जायचं तुम्हाला?"

"शहरात," अपेक्षा म्हणाली.

"मंग बसा निवांत. ढोरकीनला जरा थांबावं लागंल. मास्तर यायचेत."

आणि मास्तर आले. आप्पांनी त्यांना नमस्कार केला, तब्येत विचारली. मग कोंबड्यांची पाटी घेऊन एक म्हातारी चढली, तिला त्यांनी इंजिनाजवळ ऊबेला बसवलं. बिडकीनला पोरांचा घोळका चढला. आप्पा प्रत्येकाशी बोलत होते, हसत होते. त्यांचं हसणं अपेक्षानं असं कधी ऐकलंच नव्हतं. खालच्या पट्टीतलं, आतल्या आत खळखळणारं. खाट जागच्या जागी होती, तरी तिला पायाखाली पत्रा थरथरल्यासारखं वाटलं. वाटेतली लिंबाची झाडं एकामागं एक मागं जाताना दिसली. घामानं सगळं अंग भिजलं तेव्हा कुठं ते थांबले, हात खाली आला आणि ते गाढ झोपले. सकाळी उठून त्यांनी तिला पाहिलं.

"कधी आलीस?"

"काल. आप्पा, रात्री काय आठवतंय का?"

"काय आठवायचंय," म्हणाले आणि तांब्या घेऊन शेळ्यांकडं गेले.

दुसऱ्या संध्याकाळी गाडी रस्त्यावर राहिली नाही. बिडकीनच्या अलीकडं आप्पांनी वळण घेतलं, मोसंबीच्या बागांमधून गाडी खाली उतरवली आणि थेट नाथसागराच्या पाण्यावर घातली. "घाबरू नका," ते मागं वळून सगळ्यांना म्हणाले, "पाणी आज घट्ट हाय." चाकांचा आवाज बंद झाला. उतारूंनी चपला काढून हातात घेतल्या. मधोमध रोहित पक्ष्यांचा थवा बसलेला होता. आप्पांनी हॉर्न दिला नाही. गाडी हळू केली, आणि पक्षी आपणहून उठून दोन्ही खिडक्यांच्या बाजूनं गुलाबी होत गेले.

"बघा ताई," आप्पा हळूच म्हणाले. "हे कुणाला दाखवावं म्हनलं तर कुनी येत नाय."

"मी आलेय ना," अपेक्षा म्हणाली. फडकं तिच्या हातात कोरडं झालं होतं.

तिच्या लॅबच्या प्रमुख डॉक्टर फहमिदा मॅडम. जन्म शहागंजातला, केस पांढरे होत आलेले, बोलणं अर्धं मराठी, अर्धं हिंदी. अपेक्षानं त्यांना सगळं सांगितलं, संध्याकाळचा ताप, पाठ, घाम. गाडीचं मात्र सांगितलं नाही.

"रोज शामलाच?" मॅडमनी चष्मा वर केला. "ब्लड कल्चर करू. पण ताप चढत असतानाच रक्त काढ, समजलं? उतरल्यावर नाही. आणि दोन्ही हातांचं."

अपेक्षानं ब्लड कल्चरच्या बाटल्या पिशवीत घातल्या. आतला पातळ मधासारखा द्रव घेऊन त्या बसमधून गावी आल्या. या बाटलीत रुग्णाचं रक्त सोडायचं आणि ती मशीनमध्ये ठेवायची. रक्तात जंतू असले तर आतल्या उबेत ते वाढतात, आणि त्यांचा श्वास जाणवला की मशीन वाजतं.

आप्पांची गाडी तेव्हा आडूळच्या चढाला लागली होती. अंग भाजत होतं. तिनं दंडाला पट्टा बांधायला हात धरला, तसा त्यांनी झटक्यात काढून घेतला.

"गाडी चालू असताना डायव्हरला हात लावू नये, ताई. उतारू हायेत आत."

आवडाबाई कंदिलासारखा मोबाइलचा उजेड धरून उभी होती. "आता गं?" ती पुटपुटली.

अपेक्षानं पट्टा मांडीवर ठेवला. मग म्हणाली, "डायव्हरसाहेब, गाडी जरा बाजूला घेता का? डिझेल भरायचंय."

आप्पांनी विचार केला. काट्याकडं पाहावं तसं खाली पाहिलं. "व्हय की. कमी झालंय." त्यांनी गाडी कडेला घेतली, ब्रेक ओढला आणि डावा हात सरळ पुढं केला. "टाका."

तिनं कातडी पुसली, सुई घातली, रक्त काढून बाटल्यांत सोडलं. आयुष्यात इतक्या लोकांच्या शिरा तिनं धरल्या होत्या, पण बापाचा दंड असा कधीच धरला नव्हता. तिच्या आठवणीपेक्षा तो बारीक होता.

"दुसऱ्या टाकीतबी?" तिनं विचारलं.

"भरून टाका," म्हणत त्यांनी उजवा हात दिला. "लांब जायचंय."

बाटल्या दुसऱ्या दिवशी सकाळी ओढणीत गुंडाळून तिनं शहरात आणल्या आणि मशीनच्या कप्प्यात ठेवल्या. बाकीच्या बाटल्यांवर परक्यांची नावं होती. या बाटल्यांवरचं नाव वाचून तिला उगाच लाजल्यासारखं झालं.

मशीन वाजलं नाही त्या दिवशी. दुसऱ्याही दिवशी नाही. घरी गाडी मात्र रोज सुटत होती, आणि अपेक्षा आता दुपारपासूनच त्या वेळेची वाट पाहायला लागली होती. आवडाबाईही चहाचा कप घेऊन येऊन बसायची. मध्येच म्हणायची, "मलाबी घ्या वो गाडीत." आप्पा म्हणायचे, "तुम्ही पुढं बसा, मालकीणबाई." तिला हसू यायचं आणि पदर डोळ्याला लावावा लागायचा.

अशाच एका संध्याकाळी गाडीत उतारू नव्हते. अपेक्षा एकटीच होती. रस्ता दोन्ही बाजूंनी कापसानं पांढरा झालेला, आणि वर तसंच आभाळ. आप्पांनी वरचा आरसा सरळ केला. मग म्हणाले, "ताई, तुम्ही शहरात काय करता?"

"रक्त तपासते."

"माझी पोरगीबी त्येच करती." ते खूश झाले. "लई हुशार हाय. कॉलेजला जायची तवा ह्याच गाडीनं जायची."

अपेक्षाला ते वर्ष आठवत होतं. रोज सकाळी बापाचीच गाडी. मैत्रिणी हसायच्या, आणि हा माणूस तिच्याकडं ढुंकूनही बघायचा नाही. ती शेवटच्या बाकावर जाऊन बसायची.

"तिला वाटायचं डेपोनं दिली मला ती ड्युटी," आप्पा म्हणाले. "डेपोनं नाय दिली. मी मागून घेतली. शिंद्याची रात्रपाळी मी घ्यायचो आणि त्याची सकाळची ही फेरी मला. वर्षभर."

"तिच्याशी बोलत का नव्हता मग?"

"काय बोलायचं?" त्यांनी गिअर बदलला. "तिच्या मैत्रिणी असायच्या. खाकी कपडे, हाताला ऑइल. वरच्या आरशात दिसायची की. बास व्हतं. एकदा आडूळला रस्ता खराब, मागं सगळी पोरं उडायली. मी मुद्दाम हळू घेतली. लोक वरडायले, डायव्हर झोपला का म्हनून. ती वही मांडीवर घिऊन लिहित व्हती. परीक्षा व्हती तिची."

अपेक्षाला त्या वहीतलं वेडंवाकडं अक्षरसुद्धा दिसलं. बाहेरचा कापूस हळूहळू मागं सरकत राहिला.

"तिला सांगा हे," ती शेवटी म्हणाली.

"सांगू," आप्पा म्हणाले. "गाडी स्टँडला लागली की सांगू."

दुसऱ्या दिवशी दुपारी मशीन वाजलं.

या आवाजावर अपेक्षा वर्षानुवर्षं धावत आली होती. मागच्याच महिन्यात बाळंतपणानंतर तापानं फणफणलेली एक पोरगी वरच्या मजल्यावर होती. बाटली वाजली, आणि पूर्वी ज्या कामाला दोन-तीन दिवस लागले असते ते अपेक्षानं चहा गार व्हायच्या आत करून फोनवर जंतूचं नाव सांगितलं. औषध बदललं, आणि ती पोरगी बाळाला कडेवर घेऊन आपल्या पायानं घरी गेली. तेव्हापासून घाई हाच आपल्या कामाचा जीव, असं अपेक्षा मानायची. आज मात्र ती कप्प्याजवळ सावकाश चालत गेली. दिवा त्याच बाटलीवर लागला होता.

बाटलीतला थेंब काचेवर पसरून तिनं रंग चढवला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला. आधी काहीच दिसेना. मग दिसली वाळू. बारीक, लालसर, वाऱ्यानं सांडल्यासारखी. तिनं मॅडमना हाक मारली.

फहमिदा मॅडम बराच वेळ नळीला डोळा लावून राहिल्या. डोकं वर न काढताच त्यांनी विचारलं, "घरी शेळ्या आहेत?"

"आहेत. उस्मानाबादी."

"त्यातली कुठली गाभडली होती का?"

"दिवाळीनंतर एक गाभडली. आप्पांनीच मेलेलं करडू ओढून काढलं."

"हातात काही घातलं नसणारच. आणि दूध?"

"धारेचं. तसंच पितात, न तापवता. मला वासच सोसत नाही त्याचा."

"बरं झालं नाही सोसत ते." मॅडम उठल्या. "आता ही बाटली उघड्यावर आणायची नाही. कॅबिनेटच्या आत काम कर, आणि आधी जंतू मारून घे, मगच मशीनला लाव. आणि बेटा, त्यांच्या रक्तातलं पाणी वेगळं काढून दुसरी टेस्टही लावू. एकट्या मशीनवर मी सही नाही करणार."

नाव सांगणारं मशीन खिडकीजवळ होतं. पोलादी पट्टीवर जंतूंचा एवढासा ठिपका लावायचा. मशीन त्यावर लेसर मारतं, उडालेले कण एका नळीतून धावतात, हलके आधी, जड मागून, आणि त्या धावण्यावरून मशीन जंतू ओळखतं. काही मिनिटांचंच काम. अपेक्षानं सगळं नीट केलं, ठिपका वाळू दिला आणि पट्टी हातात धरून उभी राहिली. खिडकीतून दुपारचं ऊन आत आलं होतं, त्यात धुळीचे कण तरंगत होते. आयुष्यात पहिल्यांदाच तिला वाटलं, मशीननं आज जरा दम खावा. एक संध्याकाळ. गाडी लागू द्यावी.

"काय झालं? लाव ना," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, ताप उतरला की ते बोलायचे थांबतील." आणि तिनं उभ्या-उभ्या गाडीचं सगळं सांगून टाकलं, पाण्यावरचे पक्षी, मास्तर, मागून घेतलेली ड्युटी.

फहमिदा मॅडमनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाल्या, "ताप असाच राहिला तर मणक्यात जाईल. हृदयाच्या झडपेत जाईल. मग गाडी चालवायला डायव्हर कुठून आणायचा?" आणि पट्टी तिच्या हातातून घेतली नाही. तिनंच लावावी म्हणून बाजूला सरकून उभ्या राहिल्या.

अपेक्षानं पट्टी आत सरकवली. मशीन घुमलं. पडद्यावर उंच-सखल रेघा उठल्या आणि थोड्याच वेळात खाली नाव आलं, ब्रुसेला. जुळणी पुरती पक्की नव्हती, पण संध्याकाळच्या आत रक्ताच्या पाण्याची टेस्टही त्याच नावाला हो म्हणाली. शेळ्या-गाईंकडून माणसाला येणारा हा ताप. महिनोन्महिने येतो-जातो आणि लोक त्याला टायफॉईड समजत राहतात. मॅडमनी रिपोर्टवर सही केली. औषध दीड महिना: गोळ्या, आणि सुरुवातीला रोज इंजेक्शन.

इंजेक्शनं अपेक्षानंच दिली. पहिले काही दिवस गाडी सुटत राहिली, पण जवळच्या जवळच जायला लागली. पैठणहून निघायची आणि ढोरकीनलाच थांबायची. उतारू कमी झाले. मास्तर दिसेनासे झाले. एका संध्याकाळी आप्पांचा हात गोधडीवर जरासा उचलला गेला, बोटं काहीतरी शोधल्यासारखी हलली आणि पुन्हा शांत झाली. कपाळ गार होतं.

"आप्पा," ती हळूच म्हणाली, "कुठवर आलो?"

त्यांनी डोळे उघडले. नजर स्वच्छ होती. "काय कुठवर? झोप जा. सकाळी ड्युटी हाय तुझी."

ती मागच्या दारी जाऊन बसली. बाप बरा झाला म्हणून रडावं, की दुसरा एक बाप निघून गेला म्हणून, हे तिला कळत नव्हतं. आवडाबाई येऊन शेजारी टेकली.

"मलाबी आवडायचा बाई त्यो," ती म्हणाली.

सरकारी दवाखान्यातून गुरांचे डॉक्टर आले आणि शेळ्यांचं रक्त घेऊन गेले. दोन शेळ्या काढाव्या लागल्या. आवडाबाई त्या दिवशी जेवली नाही, पण तेव्हापासून दूध तापवल्याशिवाय घरात कुणाला द्यायची नाही. मायलेकींचं रक्तही तपासलं, त्यात काही निघालं नाही.

औषध संपल्यावर आप्पासाहेब तपासणीसाठी शहरात आले. धुतलेलं धोतर, पांढरी टोपी, पाठ सरळ. तपासणी झाल्यावर जाता जाता म्हणाले, "ते काय व्हतं माझ्या अंगात, दिसतं का?"

मॅडमनी रंगवून पक्की केलेली ती काच काढून दिली. तिच्यातला जंतू केव्हाच मेलेला होता. आप्पा सूक्ष्मदर्शकावर वाकले. एक डोळा मिटून, मग दुसरा मिटून त्यांनी खूप वेळ पाहिलं.

"वाळू हाय की ही."

"तीच," मॅडम हसल्या. "ही पोरगी नसती तर अजून कितीतरी दिवस अंगात राहिली असती. इतक्या लवकर नाव सापडलं ते तिच्यामुळं."

आप्पांनी टोपी नीट केली.

खाली कँटीनमध्ये दोघं चहाला बसले. समोरच्या रस्त्यानं गाड्या जात होत्या. आप्पा बशीत चहा ओतत म्हणाले, "तुझी आई म्हनती, मी तापात लई बडबडायचो."

"बडबड नव्हती ती."

"मंग?"

अपेक्षानं कप खाली ठेवला. आजवर या माणसाला तिनं कामाशिवाय चार वाक्यं एकत्र सांगितली नव्हती. कुठून धरावं तेही कळेना. मग तिनं सुरुवातीपासूनच धरलं. दार ओढून घ्यायला सांगितलं तिथून. कोंबड्यांची पाटी, इंजिनाची ऊब, मोसंबीच्या बागेतून उतरलेला रस्ता. पाणी घट्ट होतं, म्हणाली. आप्पा बशी तशीच हातात धरून ऐकत होते. शिंद्याच्या ड्युटीपाशी ती आली तेव्हा त्यांनी मान खाली घातली, कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ती थांबली.

"व्हय," ते टेबलाकडं बघत म्हणाले. "घेतली व्हती मागून."

बाजूच्या टेबलावर कुणीतरी समोसे मागवले. पोऱ्यानं फडकं मारलं. आप्पांनी बशीतला गार झालेला चहा एका घोटात संपवला आणि आणखी दोन सांगितले.

"आन मंग?" ते म्हणाले. "पाण्यावरनं गाडी निघाली कुठं?"

ती सांगायला लागणार, तेवढ्यात त्यांच्या खिशातला मोबाइल वाजला. आवडाबाई होती. दुपारच्या गाडीनं निघालात का, विचारत होती.

"नाय," आप्पासाहेब म्हणाले. "उशीर व्हईल आम्हाला. बोलत बसलोय."